बिनगिअरच्या सायकलचा गिअर : पार्श्वभूमी

विदर्भातील शाळा उन्हामुळे उर्वरित महाराष्ट्राच्या नंतर, जूनच्या अखेरीस उघडतात, आणि त्याच सुमारास तालुक्याच्या गावी सायकलच्या दुकानांत गर्दी होते. खरेदीला आलेल्या बापाला दुकानदार एकच प्रश्न विचारतो, "किती इंची पाहिजे?" चैनीच्या पुढच्या दातेरी चक्राला दात किती आणि मागच्याला किती, हे कोणी विचारत नाही आणि कोणी सांगतही नाही. चौदा वर्षांची मुलगी दप्तर अडकवून चार किलोमीटरवरच्या शाळेत सायकलवर बसून पोचणार, की नाल्याच्या चढावाला उतरून सायकल ढकलत नेणार, याचा निकाल मात्र बराचसा या दोन आकड्यांवर लागतो. हे आकडे आले कोठून, ते इतकी वर्षे का टिकले आणि 'इंच' या शब्दाखाली ते कसे दडले, एवढेच या टिपणात पाहायचे आहे.

सुरुवातीचा इतिहास थोडक्यात सांगता येतो. उंच चाकाच्या जुन्या सायकलला चैन नव्हती. पायंडल थेट पुढच्या चाकाच्या आसाला बसवलेले असे. पायंडलचा एक फेरा म्हणजे चाकाचा एक फेरा. वेग हवा असेल तर चाक मोठे घ्यायचे, आणि चाक किती मोठे घेता येईल हे स्वाराच्या पायांच्या लांबीवर ठरायचे. पन्नास ते साठ इंचांच्या पलीकडे सहसा कोणाला जाता येत नसे. १८८० मध्ये रोलर चैन आली, १८८५ मध्ये इंग्लंडमधील कॉव्हेंट्री येथे मागचे चाक चैनीने फिरवणारी, दोन्ही चाके जवळपास सारखी असलेली सायकल बाजारात आली, आणि १८८८ मध्ये हवा भरलेला टायर आला. विसाव्या शतकाच्या आरंभी फ्रीव्हील, म्हणजे एकाच दिशेने पकड घेणारे मागचे दातेरी चक्र, रुळले; उतारावर पाय स्थिर ठेवूनही चाक पुढे पळू लागले. आज आपण जिला साधी सायकल म्हणतो तिचे जवळजवळ सगळे अवयव तोवर तयार झालेले होते.

याच काळात एक शब्द अडकून राहिला. चैनीची सायकल आल्यावर तिची तुलना जुन्या उंच सायकलशी करण्यासाठी लोक हिशेब मांडू लागले की, मागच्या चाकाचा व्यास गुणिले पुढचे दात भागिले मागचे दात. येणारा आकडा म्हणजे ही सायकल किती इंची उंच चाकाच्या बरोबरीची आहे ते; आकडा जितका मोठा तितका गिअर जड. इंग्रजी परंपरेत गिअर आजही याच इंचांत मोजतात. अठ्ठावीस इंची चाक, पुढे ४४ दात आणि मागे १८ असतील, तर उत्तर सुमारे ६८ येते. पुढे ४८ असतील तर सुमारे ७५ येते. आपल्या शिवारात जी काळी सायकल तीन पिढ्यांनी चालवली, ती या मापाने ज्या उंच चाकावर कोणाचेही पाय पुरले नसते, तेवढ्या चाकाची आहे.

म्हणून 'बिनगिअरची सायकल' हा शब्दच मुळात चुकीचा आहे, असे माझे मत आहे. प्रत्येक सायकलला गिअर असतो; या सायकलला तो एकच आहे आणि कारखान्यात कोणीतरी ठरवून टाकलेला आहे. 'बिनगिअर' म्हटले की गिअर नावाची गोष्टच तिथे नाही असा समज होतो, आणि जी गोष्ट नाही ती बदलून मागण्याचा प्रश्नच उरत नाही. त्यात भर म्हणजे इंचांचा घोळ. काळ्या मर्दानी सायकलीला 'बावीस इंची' किंवा 'चोवीस इंची' म्हणतात, तेव्हा ते माप सांगाड्याचे असते, म्हणजे पायंडलच्या आसाच्या मध्यापासून सीटखालच्या उभ्या नळीच्या माथ्यापर्यंतचे. तिची चाके अठ्ठावीस इंचीच असतात. पण मुलींच्या सायकलीला 'चोवीस इंची' किंवा 'सव्वीस इंची' म्हणतात, तेव्हा तेच माप चाकाचे होते. एकाच दुकानात एकाच दिवशी दोन 'चोवीस इंची' सायकली विकल्या जातात. एकीवर सहा फुटी माणूस बसतो, दुसरीवर सहावीतली पोर.

चाकाचे इंच तरी निश्चित असावेत, तर तेही नाहीत. 'अठ्ठावीस' हा आकडा रिमचा नाही, टायरसह चाकाच्या बाहेरच्या व्यासाचा आहे. रिमवर टायर बसतो तिथला व्यास ६३५ मिलिमीटर, म्हणजे बरोबर पंचवीस इंच, आणि त्याला दोन्ही बाजूंनी दीड दीड इंचाचा टायर मिळाला की अठ्ठावीस होतात. 'सव्वीस' नावाचे तर तीन निरनिराळे टायर आपल्या बाजारात फिरतात. २६ × १-३/८ हा ५९० मिलिमीटरच्या रिमवर बसतो, २६ × १-१/२ हा ५८४ च्या, आणि जाड गोट्यांचा २६ × १.९५ हा ५५९ च्या. गावातून फोनवर "सव्वीसचा टायर आण" असे सांगितले आणि माणूस पंधरा किलोमीटरवरून चुकीचा टायर घेऊन परतला, हे मी एकाहून अधिक वेळा पाहिले आहे. टायरच्या कडेवर मिलिमीटरचा आकडा ठसठशीत छापलेला असतो. तो वाचायची सवय लागली तर हा हेलपाटा कायमचा वाचेल.

आता गिअरकडे. चाकाचे माप बदलले की दात तेच ठेवूनही गिअर बदलतो. ४४ आणि १८ हे दात अठ्ठावीस इंची चाकावर ६८ इंचांचा गिअर देतात, सव्वीसवर सुमारे ६४ आणि चोवीसवर सुमारे ५९. पायंडलच्या एका फेऱ्यात सायकल अनुक्रमे साधारण साडेपाच मीटर, पाच मीटर आणि पावणेपाच मीटरच्या किंचित आत जाते. हे घरी तपासायला खडूचा तुकडा पुरतो. मागच्या टायरवर जमिनीला टेकते तिथे आणि जमिनीवर अशी खूण करायची, एक पायंडल वर ठेवून सायकल हळूहळू मागे ढकलायची (पुढे ढकलली तर फ्रीव्हीलमुळे पायंडल फिरत नाही), तेच पायंडल पुन्हा वर आले की जमिनीवर दुसरी खूण करायची आणि अंतर टेपने मोजायचे. मी हे शाळेच्या पटांगणात आठवीच्या वर्गाबरोबर अनेक वर्षे केले. मुले भूमिती विसरली असतील, पण आपली सायकल एका फेऱ्यात किती जाते हे त्यांतल्या काहींना अजून पाठ आहे.

भारतात या सायकली आधी इंग्लंडहून येत. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास मुंबईत सायकलनिर्मिती सुरू झाली, आणि १९५० च्या दशकात मद्रास, आसनसोल, सोनीपत, लुधियाना येथील कारखान्यांनी देशाचा बाजार व्यापला. त्यांनी जो नमुना उचलला तो इंग्लंडच्या बांधीव, डांबरी रस्त्यांवर एकट्या प्रौढ पुरुषाने बसून जाण्यासाठी घडलेला होता, आणि त्याच्या मागच्या चक्राला १८ दात होते. सांगाडा आपल्याकडे जाड झाला, कॅरेज मजबूत झाले, दुहेरी स्टँड आला. दात तेच राहिले. हा निर्णय म्हणून कोणी घेतला असेल असे वाटत नाही. तो निर्णय न घेतल्याचा परिणाम दिसतो. सुट्या भागांचे साचे एकदा बसले की १८ चे फ्रीव्हील सगळ्यात स्वस्त पडते, स्वस्त म्हणून सगळीकडे मिळते, आणि सगळीकडे मिळते म्हणून तेच लावले जाते.

विदर्भाची जमीन या एका आकड्याला सगळीकडे सारखा प्रतिसाद देत नाही. पूर्णेच्या खोऱ्यात, अकोला-दर्यापूरच्या खारपाणपट्ट्यात, भुई तळहातासारखी सपाट आहे. तिथे डांबरी रस्त्यावर ४८-१८ चा जड गिअर लावून माणूस दहा-बारा किलोमीटर एका लयीत मारत जातो, आणि हलका गिअर दिला तर पाय नुसते फिरतात अशी तक्रार करतो. ही तक्रार खरी आहे. यवतमाळच्या बाजूला मात्र रस्ता दर किलोमीटरला नाल्यात उतरतो आणि चढतो. बुलढाण्याला मलकापूरकडून जायचे तर राजूर घाट आहे. मेळघाटाचे तर सांगायलाच नको. पूर्वेला भंडारा-गोंदियाकडे रस्ता सपाट, पण धानाच्या बांध्यांमधून वळणे घेत जाणारा, जिथे वेग धरून ठेवताच येत नाही. आणि सगळीकडे पावसाळ्यात पांदण, म्हणजे शेतांमधून जाणारी मातीची वाट, आहे. काळी माती ओली झाली की टायरला नुसती चिकटत नाही, ती टायरवर चढत जाते; शंभर पावलांत मडगार्ड आणि टायर यांच्यातली फट बुजते आणि चाक गच्च होते. मग बांधावरची तुराटी मोडून माती उकरायची आणि पुन्हा शंभर पावले. अशा वाटेवर जड गिअर म्हणजे दुहेरी शिक्षा. जूनमधला पश्चिमेचा वारा समोरून आला की सपाट रस्ताही चढावच होतो.

मला सर्वांत जवळून ठाऊक असलेला काळ १९८० आणि १९९० ची दशके हा आहे. दूधवाला दोन्ही बाजूंना कॅन अडकवून पहाटे निघे, पोस्टमन आणि मास्तर सायकलवर, कापसाचे चुकारे आणायला जाणाराही सायकलवर. पोरे दांडीवर पाय पोचत नाही म्हणून दांडीखालून पाय घालून सायकल शिकत आणि अर्ध्या फेऱ्यावरच गावभर हिंडत. त्या काळच्या चांगल्या मिस्त्रीला दातांची भाषा येत असे. ओझे वाहणाऱ्याला तो आपणहून २० किंवा २२ दातांचे फ्रीव्हील सुचवी; बावीसचे म्हणजे 'रिक्षाचे' अशी त्याची ओळख होती. पुढे मोटारसायकल हप्त्यावर मिळू लागली, दूध आणि टपाल तिच्यावर गेले, आणि सायकल उरली ती शाळकरी मुलांकडे, मजुरांकडे आणि म्हाताऱ्यांकडे. जे अंगाने सर्वांत कमी जोराचे, त्यांच्याच वाट्याला ती आली, आणि दात विचारणारे गिऱ्हाईक मात्र दुकानातून नाहीसे झाले. ही उलटी जुळणी कोणाच्या लक्षात आली नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते.

त्यानंतर दोन गोष्टी घडल्या. एक, डोंगरी सायकलसारख्या दिसणाऱ्या, जाड टायरच्या, काही खऱ्या गिअरच्या तर काही नुसत्या तशा दिसणाऱ्या सायकली खेड्यांत आल्या. स्वस्तातली खरी गिअरवाली पांदणीवर टिकत नाही. मागचा गिअर बदलणारा सांधा चैनीखाली लोंबतो, पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या झाडाच्या, खुंटाला अडकून वाकतो, आणि गावात तो सरळ करणारा नसतो. वर्षभरात मालक चैन एका चक्रावर कायमची बसवून मोकळा होतो. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. मानव विकासात मागे असलेल्या १२५ तालुक्यांत आठवी ते बारावीच्या, शाळेपासून पाच किलोमीटरच्या आत राहणाऱ्या गरजू मुलींना सायकलसाठी शासन रक्कम देते. ही रक्कम आधी ३,५०० रुपये होती, २०२२ मध्ये ती ५,००० झाली. विदर्भातले अनेक तालुके त्यात आहेत. रक्कम पुरते की नाही यावर बरेच बोलले जाते, आणि ते बोलणे रास्त आहे; दातांबद्दल मात्र कोणी बोलत नाही. माझ्या पुतणीच्या सायकलची पावती मी पाहिली, तिच्यावर 'लेडीज २६ इंची' एवढेच होते. दात मी मोजले: पुढे ४४, मागे १८.

आमच्या बाजाराच्या गावी मिस्त्रीकडे ती सायकल नेली. त्याने चाक खोलले, फ्रीव्हीलच्या खाचेत छिन्नी धरून दोन-तीन ठोके घातले आणि ते उलटे फिरवून काढले. हे इतके सोपे आहे त्याचे कारण जुन्या इंग्रजी नमुन्यातच आहे. हबवरचे आटे एक आणि तीन अष्टमांश इंच व्यासाचे, इंचाला चोवीस, असे ठरून गेलेले आहेत. त्यामुळे १८ चे निघाले की त्याच आट्यांवर २० चे किंवा २२ चे बसते. ज्या प्रमाणीकरणाने १८ चा आकडा घट्ट केला, त्यानेच तो बदलण्याची वाटही उघडी ठेवली, हे लक्षात घ्यायला हवे. मागे चार दात वाढले की चाक सांगाड्याच्या खाचेत सुमारे अर्धा इंच पुढे घ्यावे लागते. तेवढी जागा नसेल तर चैनीला एक इंच, म्हणजे दोन कड्या, जोडाव्या लागतात. आमच्या सायकलला जागा होती. "बावीसचं टाकून देतो, गुर्जी," मिस्त्री म्हणाला, "मंग पोरगी चढावाले उतरत नाही." चैनीला अर्ध्या इंचाचा झोल ठेवून त्याने नट आवळले आणि चाक फिरवून फ्रीव्हीलमधल्या खिट्यांचा टिकटिक आवाज ऐकला.

१८ वरून २२ वर गेल्याने त्याच चढावावर पायाला लागणारा जोर सुमारे १८ टक्क्यांनी कमी होतो. २० वर गेल्यास दहा टक्क्यांनी. याची किंमत वेगात मोजावी लागते. मिनिटाला साठ फेऱ्या मारल्या तर पूर्वी ताशी अठरा किलोमीटरच्या आसपास जाणारी ही सायकल आता पंधराच्या आसपास जाते. चार किलोमीटरच्या वाटेवर हा फरक दोन-तीन मिनिटांचा आहे, आणि तोही सगळा रस्ता सपाट असेल तरच. नाल्यात उतरून ढकलण्यात जाणारा वेळ यात धरलेला नाही. चालवण्याची पद्धतही थोडी बदलते. जड गिअरवर माणूस उतारावरून जोर घेऊन चढावावर फेकला जातो आणि माथ्याआधी उभा राहून पायंडल दाबतो; हलक्यावर बसूनच, लहान आणि भरभर फेऱ्यांनी चढावे लागते, आणि गुडघ्यांना त्याचा त्रास कमी होतो. पुतणीला पहिले चार दिवस पाय रिकामे फिरल्यासारखे वाटले. पाचव्या दिवशी तिने नाल्याच्या चढावावर उतरणे सोडले, आणि पुढच्या रविवारी तिच्या वर्गातल्या दोन मुली आपापल्या सायकली घेऊन त्याच मिस्त्रीकडे आल्या.