मस्ट, हॅव्ह टू आणि आपलं 'लागतं': इंग्रजीतल्या बंधनाच्या शब्दांची पार्श्वभूमी

बडोद्यात मराठी घरातलं मूल आईला 'मला जायचंय' म्हणतं, रिक्षावाल्याला 'मारे जवुं छे' म्हणतं आणि वर्गात 'आय वॉन्ट टू गो' म्हणतं. पहिली दोन वाक्यं तंतोतंत जुळतात, तिसरं घसरतं. 'जायचंय' काय किंवा 'जवुं छे' काय, त्यात इच्छाही मावते आणि बंधनही. दवाखान्यात जायचंय, यात इच्छेचा प्रश्नच नसतो. 'वॉन्ट' मात्र इच्छेपलीकडे जात नाही. म्हणून कचेरीत साहेबांकडे रजा मागताना 'आय वॉन्ट टू गो टू द हॉस्पिटल' म्हटलं, तर मनात आलं म्हणून निघालात असं ऐकू येतं. तिथे 'आय हॅव्ह टू' हवं.

अशा चुका निष्काळजीपणाच्या नसतात. बंधन सांगायला प्रत्येक भाषेने दुसऱ्याच कामाचे शब्द उचलले आहेत आणि त्या जुन्या कामाच्या खुणा व्याकरणात राहून गेल्या आहेत.

मराठीचंच बघा. संस्कृतात 'मया गन्तव्यम्', म्हणजे 'माझ्याकडून जाण्याजोगं'. त्या 'तव्य'चा प्राकृतातून झिजत 'आवा, आवी, आवं' झाला. करावं, जावं, यावं हे सगळे त्याचेच वंशज. गुजरातीतलं 'करवुं, जवुं' यांतलं 'वुं'ही तिथूनच आलेलं. 'कर्तव्य' हा शब्द मुळात 'करायचं ते' एवढाच. 'त्याने जावं' यातला 'ने' संस्कृतातल्या तृतीयेची आठवण आहे. 'लागणे' जोडलं की कर्ता बदलतो: 'त्याला जावं लागेल'. 'ने' असेल तर सल्ला, 'ला' असेल तर सक्ती. इंग्रजीत पहिल्याला 'शुड', दुसऱ्याला 'विल हॅव्ह टू'. 'पाहिजे'ची गोष्ट आणखी सुंदर आहे. ते 'पाहणे'चं जुनं कर्मणी रूप. गुजरातीतलं 'जोईए' हेही 'जोवुं' म्हणजे पाहणे यावरूनच. दोन्ही भाषांनी गरज नजरेतून काढली.

इंग्रजीने ती कर्जातून, मालकीतून आणि परवानगीतून काढली.

कर्ज 'शुड'मध्ये आहे. 'शॅल'चं जुन्या इंग्रजीतलं रूप 'स्कुलान', अर्थ 'देणं लागतो'. जर्मनमधला कर्ज आणि अपराध या दोन्ही अर्थांचा 'शुल्ड' हा शब्द त्याच कुळातला. 'शुड' हे 'शॅल'चं भूतकाळी रूप. 'शुड'च्याच अर्थाचा 'ऑट' (ought) तर उघडच 'ओ' (owe) या क्रियापदाचा, म्हणजे देणं असणे याचा, भूतकाळ. त्याच्याही मागे 'आगान' म्हणजे मालकी असणे. म्हणजे इंग्रजीतलं 'करायला हवं' हे मुळात 'देणं आहे' असं होतं. मराठीत आपणही 'मी त्याचं काही देणं लागत नाही' म्हणतो, तेव्हा या वळणाच्या जवळ असतो. रोजच्या बोलण्यातून बंधनाचा 'शॅल' जवळजवळ गेला, पण कायद्यात तो ठाण मांडून आहे. भारताच्या संविधानात 'द स्टेट शॅल' अशी सुरुवात असलेली किती तरी कलमं आहेत. ज्या बडोदे संस्थानात सयाजीरावांनी 1893 साली अमरेली तालुक्यात आणि 1906 साली सगळ्या राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं, तिथल्या वाचकाला कायद्यातली सक्ती आणि घरातली सक्ती यांतला फरक समजावून सांगायला नको.

परवानगी 'मस्ट'मध्ये आहे, आणि सगळ्यात जास्त गोंधळही इथेच होतो. जुन्या इंग्रजीत 'मोटान' म्हणजे मुभा असणे. 'मोस्टे' हा त्याचा भूतकाळ. पुढे हाच भूतकाळ वर्तमानात वापरला जाऊ लागला, मूळ वर्तमान मागे पडला आणि अर्थ मुभेकडून बंधनाकडे सरकला. मनाईच्या वाक्यात दोन्ही अर्थ एकच होतात: 'जायची मुभा नाही' आणि 'न जाणं बंधनकारक' यांत अंतर उरत नाही. 'मसन्ट' (mustn't) आजही पक्की मनाईच सांगतो. लेखनातला पहिला 'टी' उच्चारात नसतो, हेही लक्षात ठेवावं.

एवढं कळलं की पुष्कळ नियम आपोआप सुटतात. 'ही मस्ट'ला 'एस' लागत नाही, कारण भूतकाळाला तो लागतच नव्हता. 'मस्ट'ला वेगळा भूतकाळ नाही, कारण तो स्वतःच भूतकाळ होता. म्हणून 'काल जावं लागलं' याला 'यस्टरडे आय मस्ट गो' चालत नाही, 'आय हॅड टू गो' लागतं. पण 'ही सेड ही मस्ट गो' बरोबर आहे. तिथे जुनं भूतकाळपण अजून जिवंत आहे. 'जायला हवं होतं' (पण गेलो नाही) याला 'शुड हॅव्ह गॉन'. 'जावं लागलं' आणि 'जायला हवं होतं' यांतला फरक मराठी माणूस कधी चुकत नाही. इंग्रजीत तो 'हॅड टू' आणि 'शुड हॅव्ह' यांत तसाच्या तसा आहे.

मालकी 'हॅव्ह टू'मध्ये आहे. 'माझ्याकडे लिहायचं एक पत्र आहे' अशी रचना होती: 'आय हॅव्ह अ लेटर टू राइट'. शब्द जवळ सरकले, 'आय हॅव्ह टू राइट अ लेटर' झालं आणि पत्र हातात असण्याचा अर्थ विरून बंधन उरलं. कान ही गोष्ट टिपतो. 'आय हॅव्ह टू बुक्स' म्हणजे दोन पुस्तकं असतील, तर 'व्ह' स्पष्ट. बंधन असेल तर उच्चार 'हॅफ्टू', आणि 'हॅज टू'चा 'हॅस्टू'. बडोद्यातल्या वर्गांत हे क्वचितच सांगितलं जातं, म्हणून लिहिता येणाऱ्यालाही ऐकताना अडतं. 'हॅव्ह गॉट टू' एकोणिसाव्या शतकात रुळलं. त्याचं झिजलेलं रूप 'गॉटा'. बोलताना ठीक, अर्जात नको.

'आय मस्ट टू गो' ही चूक 'हॅव्ह टू, नीड टू, वॉन्ट टू' यांच्या संगतीने होते. 'मस्ट'नंतर क्रियापद उघडं येतं. 'शॅल, शुड, मस्ट, ऑट' या जुन्यांपैकी 'टू' घेतो तो 'ऑट'.

नकाराची गल्लत सर्वांत महाग पडते. 'उद्या यायची गरज नाही' असं कळवायचं असताना 'यू मसन्ट कम टुमॉरो' लिहिलं, तर समोरच्याला येण्याची बंदी होते. 'यायचं नाही' असेल तर 'मसन्ट', 'येऊ नये' असेल तर 'शुडन्ट', 'यायची गरज नाही' असेल तर 'डोन्ट हॅव्ह टू' किंवा 'डोन्ट नीड टू'. 'यायला नको' हे मराठीत दोन्हीकडे झुकतं; भाषांतराआधी आपल्याला काय म्हणायचंय ते ठरवावं लागतं.

'मस्ट' अंदाजही सांगतो: 'यू मस्ट बी टायर्ड', दमला असाल. मराठीतही 'तो घरी असावा' म्हणताना तोच 'आवा' अंदाजाला येतो, फक्त आपला 'असावा' मऊ आणि त्यांचा 'मस्ट' बराच खात्रीचा. उलट अंदाजाला मात्र 'कान्ट बी'.

ब्रिटिश इंग्रजीच्या छापील मजकुराचे दहा-दहा लाख शब्दांचे दोन संग्रह आहेत, एक 1961 चा, दुसरा 1991 चा. या तीस वर्षांत 'मस्ट'चा वापर सुमारे तीस टक्क्यांनी घटला आणि 'नीड टू' ठळकपणे वाढला. 'मस्ट'मध्ये बोलणाऱ्याचा अधिकार ऐकू येतो. 'नीड टू' तीच गोष्ट ऐकणाऱ्याच्या गरजेची म्हणून मांडतो. वरिष्ठांना 'यू मस्ट सेंड द फाइल' लिहिलं तर तो हुकूम वाटतो; तिथे 'वुड यू प्लीज सेंड'. अपवाद आग्रहाचा: 'यू मस्ट कम फॉर डिनर'. तिथे तो आपला 'जेवायला यायलाच हवं' असतो, आणि मोठ्यांनाही खुशाल म्हणता येतो.