दहा आकडी कुलूप

फायबर जोडणारा शिडीवरून उतरतो आणि विचारतो, "वायफायचा पासवर्ड काय ठेवू?" आपण गडबडीत सांगून टाकतो, "माझा मोबाइल नंबरच टाका." मीही तेच सांगितलं होतं. दहा आकडी, शिवाय तोंडपाठ.

जरा हिशेब करू. भारतातला मोबाइल नंबर ६, ७, ८ किंवा ९ नेच सुरू होतो. म्हणजे शक्यता ४०० कोटी. आकडा मोठा वाटतो खरा, पण हे अंदाज कोणी आपल्या राउटरवर एकेक टाइप करत बसत नाही. फोन वायफायला जोडला जाताना दोघांत चार छोटे निरोप जातात. त्यांत पासवर्ड नसतो. आपल्याला तो ठाऊक आहे, याचा गणिती पुरावा असतो. जिन्यात बसलेला लॅपटॉप हे निरोप टिपतो आणि मग घरी निवांत अंदाज ताडून पाहता येतात. डब्ल्यूपीए-२ या वायफायच्या सुरक्षा पद्धतीत प्रत्येक अंदाजामागे तेच गणित ४,०९६ वेळा करावं लागतं, मुद्दाम वेळ लागावा म्हणून. तरीही तगडं ग्राफिक्स कार्ड सेकंदाला दहा लाख अंदाज सहज तपासतं. ४०० कोटींना लागली ६७ मिनिटं. आणि सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आपला नंबर आहेच, तेव्हा शेजाऱ्याला तेवढीही नकोत!

त्याऐवजी दहा हजार शब्दांतून चिठ्ठ्या टाकून चार उचला: परात, पावती, मुंगूस, जिना. रोमन अक्षरांत सलग लिहा. त्याच वेगाने सगळ्या जोड्या तपासायला तीनशेहून अधिक वर्षं लागतील. शब्द मनाने मात्र निवडू नका. मन आधी मुलांची नावं सुचवतं. राउटरमध्ये डब्ल्यूपीए-३ ही पुढची पद्धत असेल तर तेच चालू करा, त्यात हा घरी नेऊन ताडण्याचा मार्गच बंद केलाय.

राउटरच्या सेटिंगचा पासवर्ड वेगळा, आणि तो अनेक घरांत 'ॲडमिन'च राहतो. २०१६ मध्ये 'मिराई' नावाच्या व्हायरसने कारखान्यातून आलेल्या, युजरनेम आणि पासवर्डच्या अशा साठेक जोड्या वापरून लाखो कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले. त्यांच्या माऱ्याने २१ ऑक्टोबरला ट्विटर, नेटफ्लिक्स अनेकांना उघडेनात. यंत्र बंद करून चालू केलं की मिराई पुसला जाई; पासवर्ड तोच असला की पुन्हा शिरे.

मी दोन्ही पासवर्ड बदलले त्या संध्याकाळी वरच्या मजल्यावरच्या मुलाने बेल वाजवली. "काका, तुमचं वायफाय बंद आहे का?"