क्युपोला की झोतभट्टी? बंद कारखान्याची नोंद करताना होणारी गल्लत

उद्यमनगरातल्या एका बंद फौंड्रीचं, म्हणजे ओतकामाच्या कारखान्याचं, मोजमाप घ्यायला मी दोन विद्यार्थ्यांना घेऊन गेलो होतो. पोरांनी शेड झकास मोजली, छपराच्या एकेका कैचीचं माप बिनचूक. फक्त मधल्या गोल पोलादी नळकांड्यासमोर त्यांनी लिहिलं होतं, ‘ब्लास्ट फर्नेस’, म्हणजे झोतभट्टी. सगळी हयात तिथंच मोल्डिंगमध्ये, म्हणजे वाळूचे साचे करण्यात, घालवलेले एक मामा कागदात डोकावले. "आरं पोरांनो, ही क्युपोला हाय. हितं लोखंड वितळतंय, तयार न्हाई हुईत."

गल्लत होते ती उगीच नाही. दोन्ही भट्ट्या उभ्या. दोन्हींत वरून कोक (भाजून केलेला दगडी कोळसा) आणि चुनखडी टाकायची, खालून हवेचा झोत मारायचा, तळाशी तोंड फोडून लोखंडाचा रस काढायचा. फरक आहे तो कोक-चुनखडीच्या जोडीला काय पडतं यात. झोतभट्टीत खनिज पडतं. कोक जळून कार्बन मोनॉक्साइड होतो, तो खनिजातला ऑक्सिजन ओढून घेतो आणि लोखंड सुटं होतं. क्युपोलात पडतं ते दुसरीकडं झोतभट्टीत तयार झालेलं कच्चं लोखंड, म्हणजे पिग आयर्न, आणि भंगार. आपल्याकडची ऑइल इंजिनाची बॉडी त्यातूनच ओतली गेली.

नोंद करणाऱ्याला हे रसायन कशाला हवं? कारण आजूबाजूची इमारत त्यावरच ठरते. वेल्समधला ब्लेनावॉनचा कारखाना घ्या. १७८९ मध्ये सुरू झालेला, २००० पासून जागतिक वारसा यादीत. तिथल्या भट्ट्या डोंगराच्या कड्याला टेकवून बांधल्या आहेत, म्हणजे वरच्या अंगणातून माल थेट भट्टीच्या तोंडाशी नेता येतो. पुढं ओतशाळा, तिथं वाळूत पाडलेल्या चरांत रस सोडायचा. मोठा चर आणि त्याला लागलेले छोटे चर म्हणजे डुकरीण आणि तिला लुचणारी पिल्लं, म्हणून ‘पिग’ आयर्न. १८३९ चा मनोरा तर भारीच: एका पाळण्याखालची टाकी पाण्यानं भरली की तिच्या वजनानं दुसरा पाळणा मालासकट वर जायचा. तिथं नुसत्या भट्ट्या मोजल्या आणि वरचं अंगण सोडलं, तर नोंद लंगडी राहील. कर्नाटकातल्या भद्रावतीला १९२३ मध्ये पेटलेली भट्टी लाकडी कोळशावर चालायची, तिथं लाकडाचा कोळसा करणारा विभागही भट्टीइतकाच महत्त्वाचा.

झोतभट्टी एकदा पेटली की रात्रंदिवस, महिनोन्‌महिने चालते. क्युपोलाचं तसं नाही. "सकाळी पेटवायची, सांजंला प्वाट मोकळं करायचं," असं मामा म्हणाले. तिच्या तळाला झडपा असतात. ओतकाम संपलं की त्या पाडायच्या, उरलेला कोक नि धातूची मळी धाडकन खाली. म्हणून क्युपोला पायांवर उभी असते आणि खाली रिकामी जागा लागते. ही जागा नकाशात हवीच. शिवाय चार्जिंगच्या, म्हणजे माल टाकायच्या, दाराची जमिनीपासूनची उंची, त्यासमोरचा माळा, हवा फुंकणाऱ्या ब्लोअरची बैठक, रसाची लॅडल (मोठी पळी) फिरवायची वरची मोनोरेल, काळ्या वाळूची जमीन. फौंड्री विजेच्या इंडक्शन भट्टीवर गेली की क्युपोला आधी भंगारात जाते. मग छपरातलं गोल भोक आणि अधांतरी माळा एवढीच खूण राहते. असं भोक दिसलं तर त्याचा व्यास घ्याच.

एक सावधगिरी. जुन्या गर्डरवर ‘डॉर्मन लाँग’ या इंग्रजी पोलाद कंपनीचा ठसा सापडला की पोरं हरखतात. त्यावरून गर्डर कुणी बनवला ते कळतं, शेड कधी उभी राहिली ते नाही. दुसऱ्या पाडलेल्या शेडचे गर्डर आणून चढवणं आपल्याकडं नवं नाही.

पोरांनी नाव खोडलं, ‘क्युपोला’ लिहिलं आणि विचारलं, पोट मोकळं व्हायचं ते नेमकं कुठं? मामांनी टाचेनं माती सारली. खाली विटकरी रंगाचा, काचेसारखा तुळतुळीत झालेला गोल डाग होता. तो मोजायचा राहिला होता.