सायकलच्या सीटची ‘रुंदी’: हा आकडा आला कुठून?

सीट बदलायची म्हटली की आज पहिला प्रश्न येतो: १४३ की १५५? आकडे मिलिमीटरमधले. तीसेक वर्षांपूर्वी असं फारसं कुणी विचारत नव्हतं. अंगठ्याने दाबून बघायचं, मऊ लागली की घ्यायची.

१८१७ मध्ये पायांनी जमीन रेटत चालवायची दुचाकी आली, तिच्यावरही बसायला गादी होतीच. १८८५ च्या सुमारास दोन्ही चाकं सारखी असलेली सायकल आली आणि पुढच्या काळात चामड्याच्या सीटने जम बसवला. लोखंडी चौकटीवर ताणून रिव्हेटने ठोकलेलं जाड चामडं बसण्याच्या हाडांखाली हळूहळू खचायचं आणि बसणाऱ्याचा साचा घ्यायचं. फारच लोंबलं तर नाकाखालचा, म्हणजे सीटच्या पुढच्या निमुळत्या टोकाखालचा बोल्ट पिळून पुन्हा ताणायचं. म्हणजे माप घ्यायचं काम चामडंच करायचं. मधोमध फट ठेवलेल्या किंवा दोन वेगळ्या गाद्यांच्या सीटही १८९० च्या दशकात विकल्या जात होत्या; आज ‘कटआउट’ म्हणून मिरवतात ती कल्पना एवढी जुनी आहे.

१९६० च्या दशकात प्लास्टिकचा सांगाडा आला. हलका, पावसाला न भिणारा, पण कितीही वर्षं बसा, साचा न घेणारा. माझ्या मते गोची इथे झाली. साचा गेला, त्याची भरपाई मऊपणाने करायला निघाले: आधी फोम, मग जेल. जाड जेलमध्ये हाडं रुततात आणि मधला भाग फुगून नको तिथे वर दाबतो. म्हणून दुकानात पाच मिनिटं सुखाची वाटलेली सीट दोन तासांनी छळते.

१९९७ च्या सुमारास सायकलमुळे पुरुषांना नपुंसकत्व येतं का, यावर मोठा गदारोळ झाला. मथळे भडक होते, पण त्यामुळे दाब नेमका कुठे पडतो हे मोजायला सुरुवात झाली. वजन बसण्याच्या दोन हाडांवर यावं, त्यांच्या मधल्या नसा-रक्तवाहिन्यांवर नाही, हे सूत्र रुळलं आणि एकच सीट दोन-तीन रुंदीत मिळू लागली. मोजायची युक्ती सोपी: कडक जागेवर पन्हाळी पुठ्ठा ठेवून त्यावर बसायचं, उठून दोन खळग्यांच्या मध्यांतलं अंतर घ्यायचं.

खरा घोळ यापुढे आहे. पुठ्ठ्यावरचं अंतर हाडांचं, सीटवर छापलेला आकडा मात्र मागच्या सर्वांत रुंद भागाचा, कडेपासून कडेपर्यंत. दोन्ही ‘रुंदी’च. हाडं कडेवर नव्हे, कडेच्या आत टेकायला हवीत, म्हणून अंतरात थोडी भर घालावी लागते. ती किती, हे बसण्यावर ठरतं. ताठ बसलं की वजन हाडांच्या मागच्या, एकमेकांपासून दूर असलेल्या भागावर येतं. हँडलवर ओणवं झालं की कंबर पुढे कलते आणि टेकणारा भाग पुढे सरकतो. तिथे हाडं जवळ येत गेलेली असतात. एकाच माणसाला बाजारहाटाच्या सायकलवर रुंद आणि शर्यतीच्या सायकलवर अरुंद सीट लागते ती यामुळे. त्यातही १४३ ची सपाट सीट आणि १४३ ची पाठ गोलसर सीट सारख्या नाहीत. गोलसर सीटच्या कडा उतरत्या असतात, म्हणून हाडं पेलणारी जागा कमी. ‘पुरुषांची’ आणि ‘बायकांची’ ही जुनी वाटणी तर यात फारच ढोबळ ठरते. बायकांच्या हाडांमधलं अंतर सरासरीने जास्त असतं, पण दुकानात सरासरी येत नाही, एक माणूस येतो.

पुढे बदल भराभर झाले. अमेरिकेत सायकलवरून गस्त घालणाऱ्या पोलिसांना सहा महिने नाक नसलेल्या सीट देऊन पाहिल्या, तेव्हा बधिरपणाच्या तक्रारी घटल्या. शर्यतींच्या नियमात मात्र सीटची लांबी किमान २४ सेंटिमीटर, त्यामुळे नाक पुरतं कापणं स्पर्धकांना अवघड. मग २०१५ नंतर नेमक्या २४ च्या आसपासच्या आखूड सीट लोकप्रिय झाल्या. २०१६ पासून नाक ९ अंशांपर्यंत खाली झुकवायची मुभा मिळाली, आणि ओणव्या बसणाऱ्यांना खरा आराम त्यातून मिळाला.

आता फोमऐवजी थ्रीडी प्रिंट केलेली जाळी येते, हाडांखाली घट्ट आणि मध्ये सैल. तिच्या खोक्यावरही आकडा तोच आहे, सर्वांत रुंद भागाचा.