मान्यवर संबोधन (गोवा)

राष्ट्रप्रमुख, राज्यपाल, मंत्री, मोठे धर्मगुरू यांना पत्रात, व्यासपीठावरून किंवा समोरासमोर काय म्हणायचं याची रीत.

गोव्यात सगळ्यात जास्त घोळ होतो तो पोर्तुगीज पदांचा. मराठी लेखनात तिथल्या प्रत्येक पोर्तुगीज मुख्याधिकाऱ्याला सरसकट ‘व्हाइसरॉय’ म्हणून टाकतात, ते बरोबर नाही. १५०५ मध्ये आलेला फ्रान्सिस्को द आल्मेदा व्हाइसरॉय होता, पण १५१० मध्ये गोवा जिंकणाऱ्या आफोंसो द आल्बुकेर्कने कारभार केला तो गव्हर्नर म्हणून. काम जवळपास तेच, व्हाइसरॉय हा मान राजा माणूस बघून द्यायचा, म्हणून कागदात जे पद असेल तेच लिहावं. कुणाला ‘एक्सेलेंसिया’ म्हणायचं नि कुणाला ‘सेन्योरिया’ यावर तर पोर्तुगालच्या राजांनी १५९७ आणि १७३९ मध्ये कायदेच केले. त्याच भाषेतलं ‘वोसा मर्से’ (आपली कृपा) झिजत झिजत साधं ‘वोसे’ (तुम्ही) झालं.

कोकणीतला ‘सायब’ (साहेब) हा मूळ अरबी ‘साहिब’. कोकणीत तो मराठीतून आला की आदिलशाही अमलात थेट, दोन्ही शक्य आहे, पण १५१० च्या आधी इथे आदिलशाहीच होती हे बघता दुसरं जास्त पटतं. सेंट फ्रान्सिस झेवियरला ‘गोंयचो सायब’ म्हणतात, म्हणजे शब्द दरबारापुरता राहिलेला नाही. चर्चमध्ये कार्डिनलला (पोपच्या खालोखालचा धर्मगुरू) ‘एमिनन्स’ म्हणायचं, हे पोप आठव्या अर्बनने १६३० मध्ये ठरवलं.

१९ डिसेंबर १९६१ ला मुक्ती झाली, पुढे लेफ्टनंट गव्हर्नर आले आणि ३० मे १९८७ ला घटक राज्य झाल्यावर राज्यपाल. त्यांना ‘महामहिम’ म्हणायची सवय अजून सुटलेली नाही, पण २०१२ मध्ये प्रणव मुखर्जींच्या काळात राष्ट्रपती भवनाने ते देशांतर्गत वापरातून काढलं. पदाआधी ‘माननीय’, नावाआधी ‘श्री’ किंवा ‘श्रीमती’ एवढंच पुरे. परदेशी पाहुण्यांबाबत ‘एक्सलन्सी’ चालू आहे, आणि निवेदकांनी हा फरक खरंच सांभाळायला हवा.

मुख्यमंत्र्यांच्या बाबतीत लोकांनी घरचीच नावं लावली, बांदोडकर ‘भाऊसाहेब’, शशिकला काकोडकर ‘ताई’, पर्रीकर ‘भाई’ आणि प्रतापसिंह राणे ‘खाशे’. यातलं ‘खाशे’ सत्तरी तालुक्यातल्या राणे घराण्याचं आहे, पदाचं नाही.