मेण हळू ओतलं की ओघळतं, ते का?

दिवाळी तोंडावर आली की घरच्या घरी मेणबत्त्या करण्याच्या व्हिडिओंना ऊत येतो आणि त्यांत एक सल्ला हमखास असतो: ‘मेण अगदी हळूहळू, बारीक धारेनं ओता, म्हणजे सांडणार नाही.’ ऐकायला समजूतदार, पण नेमका उलटा. रेंगाळणारी बारीक धारच काठाखाली वळते, पातेल्याच्या बाहेरच्या अंगानं ओघळत तळापर्यंत जाते आणि साचा सोडून ओट्यावर पडते. चहा सांडला तर फडकं मारता येतं. मेण पुसायला जाईपर्यंत गोठलेलं असतं.

चहाच्या किटलीतही हेच होतं, म्हणून शास्त्रज्ञांनी या प्रकाराला ‘टीपॉट इफेक्ट’ असं नाव दिलं. द्रवांच्या वाहण्याचा अभ्यास करणारे मार्कुस रायनर यांनी १९५६ मध्ये हे कोडं भौतिकशास्त्रज्ञांपुढे टाकलं आणि पुढच्याच वर्षी गणितज्ञ जोसेफ केलर यांनी त्याचं उत्तर मांडलं. पुढे केलर आणि जाँ-मार्क व्हांडेन-ब्रोक यांना न ओघळणाऱ्या तोटीच्या गणितासाठी १९९९ चं इग नोबेल मिळालं. हा पुरस्कार आधी हसवतो, मग विचार करायला लावतो. त्यामागचं गणित मात्र चांगलंच घाम फोडणारं आहे.

कुणालाही विचारा, उत्तर येतं, ‘मेण चिकट असतं ना, ते भांड्याला चिकटतं.’ पण वितळलेलं मेण मधासारखं दाट नसतं. ते पाण्यापेक्षा जेमतेम काही पटींनी दाट, तेलापेक्षा पातळच. शिवाय चिकटपणावर सगळं अवलंबून असतं, तर पाणी आणि चहा ओघळलेच नसते. खरी गंमत दाबात आहे.

गोफणीतला दगड गोल फिरतो, कारण दोरी त्याला सतत आत ओढत असते. दोरी सुटली की दगड सरळ जातो. काठाला वळसा घालणाऱ्या धारेलाही असंच आत खेचणारं काहीतरी हवं. दोरी तर नाही, मग काय? धारेच्या बाहेरच्या अंगाला हवा आहे, म्हणजे तिथे वातावरणाचा दाब. काठाला लागून असलेल्या आतल्या अंगाचा दाब त्याहून थोडा कमी झाला, की बाहेरची हवा धारेला काठाकडे ढकलते. भांडं मेणाला ओढतं असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात हवा मेणाला भांड्यावर दाबते!

आता थोडा हिशेब. ज्यांना आकड्यांचा कंटाळा आहे त्यांनी एक परिच्छेद गाळला तरी चालेल. वळण्यासाठी लागणारा दाबातला फरक म्हणजे साधारणपणे द्रवाची घनता, गुणिले वेगाचा वर्ग, गुणिले धारेची जाडी, भागिले काठाच्या वळणाची त्रिज्या. वितळलेल्या पॅराफिनची घनता घनमीटरला सुमारे ७८० किलो. धार ३ मिलिमीटर जाड, काठाची गोलाई ३ मिलिमीटर त्रिज्येची आणि वेग सेकंदाला १० सेंटिमीटर धरला, तर हा फरक येतो सुमारे ८ पास्कल. वातावरणाचा दाब लाखभर पास्कल असतो, त्यापुढे हे काहीच नाही. पण हा फरक टिकवून कोण धरतं? काठाखाली मेणाचा एक इवलासा ठिपका लोंबत असतो, त्याच्या वक्र पृष्ठभागाचा पृष्ठताण. मेणाचा पृष्ठताण पाण्याच्या निम्म्याहूनही कमी असला, तरी ३ मिलिमीटरच्या वक्रतेला तो आठ-नऊ पास्कल सहज पेलतो. म्हणजे गरज आठची आणि ऐपत नऊची, आणि मेण निघालं काठाखाली! वेग तिप्पट करा. वेगाचा वर्ग असल्यामुळे गरज नऊपट होते, सत्तर पास्कलच्या घरात जाते. ऐपत तेवढीच राहते. धार सुटते आणि सरळ साच्यात पडते.

या ठिपक्याचं सविस्तर गणित व्हिएन्ना आणि लंडनच्या संशोधकांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलं. प्रवाह फार मंदावला की ठिपका धारेलाच आपल्यामागे वळवतो, आणि धार जोरात असली तरी काठाखालची कड ओली राहतेच. गुरुत्वाकर्षणाचं काम त्यात दुय्यम आहे, वळलेलं द्रव कुठल्या दिशेला जाणार एवढंच ते ठरवतं. त्यांच्या म्हणण्यानुसार चंद्रावरही किटली ओघळेल, वजनच न जाणवणाऱ्या अवकाश स्थानकात मात्र नाही.

इथे एक पळवाट सुचते. काठ ओलाच झाला नाही तर? फ्रान्समध्ये लिऑनच्या संशोधकांनी २०१० मध्ये हेच करून पाहिलं. पाणी अजिबात न धरणारा थर दिलेल्या तोटीवरून पाणी ओघळत नाही. अळवावरचं पाणी आपण पाहतोच. पण त्या पानावर पाणी का टिकत नाही? पानावर बारीक खडबडीत असा मेणाचाच थर असतो म्हणून! पाण्याला मेण झिडकारतं. वितळलेलं मेण स्वतः मात्र स्टील, काच, ॲल्युमिनियम, काहीही आनंदानं ओलं करतं. त्यामुळे चोचीखाली तूप किंवा व्हॅसलीन चोळण्याची युक्ती किटलीला लागू पडली तरी मेणाला नाही. तेलकटाला तेलकट आपलंसंच वाटतं.

मग उरतात दोन गोष्टी, वेग आणि काठाचा धारदारपणा. आपल्या पातेल्यांचा बाहेर वळवलेला, गोल काठ उचलायला सोयीचा आणि ओतायला सर्वांत वाईट. त्यापेक्षा रिकाम्या पत्र्याच्या डब्याचा कापलेला काठ पकडीनं चिमटून चोच करावी. कड पातळ, म्हणजे त्रिज्या लहान, म्हणजे वळायला लागणारा दाब मोठा. डबा निम्माच भरावा. काठोकाठ भरलेलं भांडं जरासं कललं की मंद धार लागते आणि ती नक्की ओघळते. निम्मा भरलेला डबा बराच कलवावा लागतो, पण मेण येतं ते दमदार येतं. साचा चोचीच्या अगदी जवळ ठेवावा, आणि थांबताना झटक्यात डबा उभा करावा. हळूहळू आवरतं घेतलं, की शेवटची मंद धार काठाखाली गेलीच म्हणून समजा.

पहिला साचा नीट भरतो आणि तिसऱ्याला ओघळ येतो, याचंही कारण तेच. चोचीच्या टोकाला मेण गोठून पांढरा मणी तयार होतो आणि धारदार कड पुन्हा गोल होते. दर वेळी कोरड्या फडक्यानं चोच पुसावी. मेण वितळवायला गरम पाण्यात ठेवलेल्या डब्याचं बूडही पुसावं, नाहीतर पाण्याचे थेंब साच्यात पडून मेणबत्तीला खड्डे पडतात.

नेटका ओघ साधतच नसेल, तर शाळेच्या प्रयोगशाळेतली काचकांडी आठवावी. चंचुपात्राच्या चोचीला कांडी टेकवून द्रव ओततात, तेव्हा आपण हाच परिणाम कामाला जुंपत असतो. ओघळायचंच आहे ना, मग कांडीवरून ओघळ! मेणासाठी लाकडी काडीही चालते.

बाजारात ‘केमिकल-फ्री’ सोया मेणाची पाकिटं दिसतात. सोयाबीनचं तेल कारखान्यात हायड्रोजन देऊन घट्ट केलं की ते मेण होतं. ते चांगलं जळतं, मान्य. पण केमिकल-फ्री वस्तू या विश्वात मिळत नाही. काजळी येते ती मुख्यतः लांब वात आणि वाऱ्यानं फडफडणाऱ्या ज्योतीमुळे. सुगंधी मेणबत्तीनं ‘नकारात्मक ऊर्जा’ जाते असं छापणाऱ्यांनी ती ऊर्जा किती ज्यूल असते तेही छापावं.

साचा भरला तरी काम संपत नाही. गोठताना पॅराफिनचं आकारमान सुमारे दहा-पंधरा टक्क्यांनी घटतं, वातीभोवती खळगा पडतो, म्हणून थोडं मेण राखून ठेवून दुसऱ्यांदा ओतावं लागतं. मेण थेट गॅसवर वितळवू नये, पाण्याच्या भांड्यात डबा ठेवून वितळवावं. उकळतं पाणी शंभर अंशांच्या वर जात नाही. चुकून मेणानं पेट घेतलाच तर गॅस बंद करून झाकण ठेवावं, पाणी अजिबात ओतू नये. त्याची क्षणात वाफ होते आणि जळतं मेण चहूकडे उडतं. उरलेलं मेण सिंकमध्येही ओतू नका. नळीत पुढे जाऊन गोठतं, मग प्लंबरला बोलवावं लागतं.