ट्विनशॉक ट्रायल्स मोटारसायकल : देखभाल व दुरुस्ती

ट्विनशॉक ट्रायल्स मोटारसायकल : ट्रायल्स या क्रीडाप्रकारासाठी बांधलेली, मागील चाकाच्या दोन्ही बाजूंना एकेक शॉकअब्सॉर्बर असलेली, हवेने थंड होणारी जुनी मोटारसायकल. ट्रायल्समध्ये वेगाला महत्त्व नाही. खडक, ओढा, चिखल, झाडांची मुळे अशा वाटेवर आखलेले छोटे टप्पे पाय न टेकता पार करायचे असतात. पाय एकदा टेकला तर १ दंडगुण, दोनदा टेकला तर २, त्यापुढे कितीही वेळा टेकला तरी ३ आणि टप्पा पुरा झाला नाही तर ५, अशी सर्वाधिक प्रचलित पद्धत आहे. १९०९ पासूनची परंपरा सांगणारी स्कॉटिश सिक्स डेज ट्रायल ही या खेळातील सर्वांत मानाची स्पर्धा. प्रस्तुत नोंदीत मुख्यतः स्पॅनिश टू-स्ट्रोक यंत्रांचा विचार केला आहे. जपानी व इटालियन यंत्रांचा उल्लेख गरजेपुरता येतो.

व्याप्ती व कालमर्यादा : मागे दोन शॉक एवढे एकच लक्षण धरले तर हा वर्ग फार फैलावतो. रॉयल एनफील्डने १९४८ मध्ये कोलमोर ट्रायलला उतरवलेल्या ३५० सीसी बुलेटच्या प्राथमिक यंत्रांना स्विंगआर्म व दोन शॉक होते. पुढे मद्रासला बनू लागलेली आणि महाराष्ट्रात गावोगाव पोचलेली बुलेट याच घराण्यातली. जॉनी ब्रिटन याने १९५२ व १९५७ मध्ये स्कॉटिश स्पर्धा एनफील्डवरच जिंकली. तरीही या यंत्रांना कोणी ट्विनशॉक म्हणत नाही. ब्रिटनमध्ये ती ‘प्री-६५’ (१९६५ पूर्वीची यंत्रे) या वेगळ्या गटात जातात, आणि ट्विनशॉक गट साधारणपणे स्पॅनिश टू-स्ट्रोकच्या आगमनापासून मोजला जातो.

वरची मर्यादा अधिक वादग्रस्त आहे. काही जण यामाहाने ‘टीवाय’ या आपल्या ट्रायल्स यंत्राची एक शॉकची आवृत्ती बाजारात आणली ते वर्ष, म्हणजे १९८३ चा सुमार, ही सीमा मानतात. पण बेल्जियन चालक एडी लझन याने १९८२ ते १९८४ अशी सलग तीन जागतिक अजिंक्यपदे होंडाच्या दोन शॉकच्या फोर-स्ट्रोक यंत्रावरच मिळवली. उलट बाजूने, ब्रिटिश चालक मिक अँड्र्यूज याच्यासाठी यामाहाने एक शॉकची प्रायोगिक यंत्रे १९७० च्या दशकाच्या मध्यासच करून पाहिली होती. त्यामुळे वर्षापेक्षा लक्षणांवर, म्हणजे दोन शॉक, हवेवर थंड होणारे इंजिन आणि ड्रम ब्रेक या तिहींवर आधारलेली व्याख्या अधिक टिकाऊ वाटते. बहुतेक क्लबांचे नियमही थोड्याफार फरकाने याच दिशेने गेले आहेत.

शेर्पा टीच्या उगमाचा प्रश्न : या वर्गाची खरी सुरुवात बुल्ताको या स्पॅनिश कंपनीच्या शेर्पा टीपासून होते, याबद्दल मतभेद नाही, ती घडवली कोणी, याबद्दल आहे. रूढ कथन असे की, एरियल या ब्रिटिश मोटारसायकलवर अनेक वर्षे गाजलेला बेलफास्टचा चालक सॅमी मिलर १९६४ च्या अखेरीस स्पेनला गेला, तेथे सुमारे १२ दिवसांत त्याने नमुना यंत्र उभे केले, आणि १९६५ ची स्कॉटिश स्पर्धा बुल्ताकोवर जिंकली. ब्रिटिश लेखनात हेच कथन ठळक आहे. कॅटलान बाजूने मात्र असे निदर्शनास आणले जाते की, कारखान्यात शेर्पा एन हे यंत्र आधीपासून होते, बुल्तो कुटुंबातील ओरिओल पुइग बुल्तो याच्यासारखे ट्रायल्सचे जाणकार घरातच होते, आणि मालक फ्रांसेस्क झाव्हिएर बुल्तो स्वतः या दिशेने विचार करीत होता. ही दोन कथने एकमेकांना फारशी छेद देत नाहीत. इंजिनाचा मूळ साचा कारखान्याचा. स्टिअरिंगचा कोन, फूटरेस्टची जागा, वजनाची वाटणी आणि मंद गतीवरची ओढ यांचा निर्णय मिलरचा, अशी विभागणी उपलब्ध यंत्रांवरून अधिक पटते.

दुरुस्तीच्या दृष्टीने हा वाद केवळ पुस्तकी नाही. हाताने घडवलेले नमुने आणि त्यांवरून विक्रीसाठी निघालेले ‘मॉडेल १०’ यांत फरक आहेत. विक्रीसाठी बनलेल्या यंत्राला मिलरच्या स्पर्धायंत्राचे भाग लावून ‘मूळ रूपात आणले’ असे म्हणणे म्हणूनच ग्राह्य धरता येत नाही. कालनिश्चितीतही सावधगिरी लागते. बुल्ताकोच्या फ्रेमवरील व इंजिनावरील क्रमांकात मॉडेलचा आकडा असतो, आणि कारखान्यातून निघताना हे दोन्ही क्रमांक जुळत असत. न जुळल्यास इंजिन बदललेले आहे असे समजावे. पण नोंदणीचे वर्ष हे उत्पादनाचे वर्ष असेलच असे नाही. न खपलेली यंत्रे दुसऱ्या देशात एक-दोन वर्षांनी नोंदली गेल्याची उदाहरणे विरळ नाहीत.

शेर्पापाठोपाठ माँतेसा व ओसा या दुसऱ्या स्पॅनिश कंपन्यांची अनुक्रमे कोता आणि एमएआर आली. शेवटच्या नावातली अक्षरे (मिक अँड्र्यूज रेप्लिका) मिक अँड्र्यूजची आठवण सांगतात; त्याने १९७० ते १९७२ या तिन्ही वर्षी स्कॉटिश स्पर्धा ओसावर जिंकली. १९७५ मध्ये जागतिक अजिंक्यपद सुरू झाल्यावर पहिली पाच वर्षे ते बुल्ताकोकडेच राहिले : मार्टिन लॅम्पकिन, मग तीनदा यर्यो व्हेस्टरिनेन, मग बर्नी श्रायबर. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीस बुल्ताको व ओसा बंद पडल्या. माँतेसा होंडाच्या भागीदारीने तगली. सुटे भाग आज मिळतात ते मुख्यतः छोट्या कार्यशाळांनी नव्याने बनवलेले. त्यांचा दर्जा एकसारखा नसतो.

इंजिन : या इंजिनांची सर्वांत मोठी शत्रू पडून राहण्याची वर्षे. चालवल्याने झिजलेले इंजिन दुरुस्त करणे सोपे, वीस वर्षे गोठ्यात उभे राहिलेले अवघड. टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोल-हवेचे मिश्रण आधी क्रँककेसमध्ये दाबले जाते, म्हणून क्रँककेस हवाबंद असणे अनिवार्य ठरते. क्रँकच्या दोन्ही टोकांची ऑइल सील कडक झाली की दोन वेगवेगळी दुखणी उद्भवतात. प्रायमरी चेन (इंजिनाची ओढ क्लचला देणारी साखळी) व क्लचच्या बाजूचे सील गेले तर इंजिन तिथले तेल ओढते : पांढरा धूर, ओला प्लग, महिनोन्‌महिने न तपासलेल्या प्रायमरीत घटलेली पातळी आणि त्या तेलाला पेट्रोलचा वास. मॅग्नेटच्या बाजूचे सील गेले तर बाहेरची हवा आत येते. मिश्रण पातळ होते, थ्रॉटल सोडला तरी इंजिन उतरत नाही आणि शेवटी पिस्टन पकडतो, म्हणजे सिलिंडरमध्ये अडकून बसतो. हे दुसरे दुखणे अधिक घातक, कारण आरंभी गाडी चांगली ‘उचलते’ असेच वाटते. यझ्दी किंवा राजदूत हाताळलेल्या आपल्याकडच्या मिस्त्रीला ही लक्षणे नवी नाहीत.

खात्रीसाठी इनलेट व एक्झॉस्ट रबरी बुचांनी बंद करून साधारण ६ पाउंड (दर चौरस इंचाला) दाब भरतात, आणि तो काही मिनिटे टिकतो का ते पाहतात. जुळणीच्या फटींवर साबणाचे पाणी लावले की गळती कुठे आहे ते दिसते. कार्ब्युरेटरचे जेट बदलत बसण्याआधी ही चाचणी करावी असा जाणकारांचा आग्रह असतो, आणि तो रास्त आहे. बेअरिंग काढताना-बसवताना ॲल्युमिनियमची केस १०० अंश सेल्सिअसच्या आसपास तापवावी. हातोड्याने ठोकून काढलेल्या बेअरिंगची घरे सैल होतात. क्रँक दाबून जोडलेला असल्याने कनेक्टिंग रॉड बदलल्यावर तो व्ही-ब्लॉकवर फिरवून मिलिमीटरच्या दोन-तीन शतांश भागांपर्यंत सरळ करावा लागतो. हे काम लेथवाल्याचे. पाना-पक्कडीने होत नाही.

ट्रायल्समध्ये इंजिन बहुतांश वेळ मंदच चालते. त्यामुळे एक्झॉस्ट पोर्ट व सायलेन्सरमध्ये काजळी लवकर साठते आणि ओढ कमी होते. लोखंडी पाइप कॉस्टिक सोड्याने साफ करतात; ॲल्युमिनियमच्या भागांना मात्र सोडा खातो. त्या काळच्या पुस्तिकांत पेट्रोल-तेलाचे प्रमाण २०:१ ते २५:१ असे दिलेले आढळते. आजच्या सिंथेटिक तेलावर बहुतेक चालक ५०:१ च्या आसपास जातात. यामाहा टीवाय १७५ मध्ये तेल पंपाने जाते. आधीच्या मालकाने पंप काढून टाकला असेल आणि नव्याला ते ठाऊक नसेल, तर पहिल्याच फेरीत इंजिन पकडते.

प्रज्वलन : जुन्या स्पॅनिश यंत्रांत फेम्सा या कंपनीचे पॉइंट (उघडझाप करणारे विद्युत संपर्क) व कंडेन्सरवाले फ्लायव्हील मॅग्नेट आहे, पुढच्या अनेक यंत्रांत मोतोप्लात या कंपनीचे इलेक्ट्रॉनिक. बॅटरी नसतेच. फेम्साचे गुण असे की त्यातला प्रत्येक भाग सुटा बदलता येतो. टायमिंग अंशांत न मोजता पिस्टन वरच्या टोकापासून किती मिलिमीटर खाली असताना पॉइंट उघडतात, यावर ठरवतात. हे माप बहुधा २ ते ३ मिलिमीटरच्या दरम्यान असते, पण मॉडेलची पुस्तिका पाहणे श्रेयस्कर. प्लगच्या भोकातून डायल गेज सोडून पिस्टनची जागा धरतात. पॉइंट नेमके केव्हा सुटतात ते बल्ब लावून किंवा सिगारेटचा पातळ कागद मध्ये धरून कळते. टायमिंग फार पुढे गेले तर किक उलटी मारते. यात चालकाची पोटरी आणि किकचे गिअर दोन्ही सापडतात. फ्लायव्हील पुलरनेच काढावे. कडेला स्क्रूड्रायव्हर घालून उचकटलेली फ्लायव्हील पुढे कायम डुलत राहतात.

मोतोप्लातचा दोष वेगळ्या जातीचा. त्याची सर्किटे राळेत ओतून सीलबंद केलेली असतात. थंड असताना ठिणगी उत्तम, दहा-पंधरा मिनिटांत गरम झाले की ठिणगी गायब, गार झाल्यावर पुन्हा हजर : हे त्याचे ठराविक लक्षण. यावर दोन उपाय आहेत. राळ कोरून आतली गुंडाळी नव्याने करणारे थोडे कारागीर युरोपात आहेत. बाकीचे सरळ आजच्या बनावटीचा संपूर्ण संच बसवतात. मूळपणाचा आग्रह धरणारे दुसऱ्या उपायाला नाके मुरडतात. पण झाकणाआड राहणारा आणि केव्हाही काढून मूळ भाग परत बसवता येणारा बदल आक्षेपार्ह का मानावा, हे स्पष्ट होत नाही. जोडताना एक लक्षात ठेवावे : हलके फ्लायव्हील असलेला संच ट्रायल्सला चालत नाही. मंद गतीवर इंजिन न बंद पडण्याचे मर्म फ्लायव्हीलच्या वजनातच आहे.

कार्ब्युरेटर व टाकी : स्पॅनिश परवान्यावर बनलेल्या अमाल कार्ब्युरेटरमध्ये बॉडी व स्लाइड दोन्ही एकाच प्रकारच्या जस्ताच्या मिश्रधातूचे असल्याने एकमेकांना घासून झिजतात. मग आयडल स्थिर राहत नाही. नवी स्लाइड घालूनही बॉडी झिजलेलीच राहते. म्हणून २६ मिलिमीटरचा मिकुनी किंवा डेलॉर्टो बनावटीचा कार्ब्युरेटर बसवण्याची प्रथा आहे. जेट मात्र नव्याने जुळवावे लागतात.

आरंभीच्या बऱ्याच यंत्रांच्या टाक्या फायबरग्लासच्या आहेत, काहींत सीटसह एकसंध. इथेनॉल ही राळ मऊ करते. रंगाला फोड येतात, आतला चिकट द्राव कार्ब्युरेटरातून थेट पिस्टन रिंगपर्यंत पोचतो. ब्रिटनमध्ये सप्टेंबर २०२१ पासून सर्वसाधारण पेट्रोलमध्ये १० टक्क्यांपर्यंत इथेनॉल आले. भारतात हे प्रमाण आता २० टक्के आहे. टाकीला आतून इपॉक्सीचा थर देणे, ॲल्युमिनियमची टाकी करून घेणे, किंवा प्रत्येक वापरानंतर टाकी पूर्ण रिकामी करणे, एवढेच मार्ग उरतात. तिसरा फुकटचा, पण नेमाने पाळणारे थोडे.

फ्रेम, सस्पेन्शन व चाके : चिरा पडतात त्या फूटरेस्टच्या आधाराजवळ, स्टिअरिंग हेडपाशी आणि शॉकच्या वरच्या बोल्टजवळ. स्विंगआर्मचा दांडा ग्रीस न मिळाल्याने गंजून अडकलेला असणे हा जवळजवळ नियम. जोरदार पाण्याच्या फवाऱ्याने धुण्याची सवय त्याला कारणीभूत आहे. मूळचे बेतोर किंवा तेलेस्को शॉक बहुधा दुरुस्तीपलीकडे गेलेले असतात. नवे घेताना चालकाच्या वजनाप्रमाणे इंचाला ४० ते ६० पाउंडांची स्प्रिंग निवडतात. लांबी मात्र मूळचीच ठेवावी. लांब शॉकने मागचा भाग उचलला जातो, स्टिअरिंग अधिक उभे होते, वळण घट्ट मिळते. पण उतारावर पुढचे चाक आत दुमडू लागते. स्टिअरिंगचा कोन कापून बदललेल्या फ्रेम हा गेल्या काही दशकांतला कळीचा वाद आहे. समर्थक त्या काळातही मिलरच्या ‘हाय-बॉय’ नावाच्या बदली फ्रेम किंवा टीवाय इंजिनावरची ‘मॅजेस्टी’ नावाची यंत्रे होतीच, असा दाखला देतात. तो खरा असला तरी त्या यंत्रांपुरताच लागू होतो. आज कापलेली फ्रेम त्यामुळे जुनी ठरत नाही.

पुढे २१ इंची व मागे १८ इंची चाक असते. मागच्या टायरमध्ये हवा अवघी ४-५ पाउंड ठेवतात, पुढे त्याहून थोडी अधिक. एवढ्या कमी हवेत टायर रिमवर घसरून ट्यूबचा व्हॉल्व्ह तुटू नये म्हणून रिममध्ये सिक्युरिटी बोल्ट लागतो. ब्रेकचे लायनिंग जाडसर चिकटवून ते लेथवर ड्रमच्या मापाला उतरवले तर पकड बरीच सुधारते. जुन्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते, म्हणून ड्रममधली धूळ हवेच्या झोताने उडवू नये. ओल्या फडक्याने टिपून घ्यावी.